रक्तगट: मुलांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं

मी रक्तपेढीत काम करते. नमुने तपासायचे, गट ठरवायचे, पेशंटसाठी पिशवी जुळवायची, हे माझं रोजचं काम. घरातल्या कुणाच्या तरी आजारपणात मोठ्यांबरोबर आलेली मुलं बाकावर बसून कंटाळतात, मग हळूच खिडकीपाशी येऊन प्रश्न विचारायला लागतात. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं मुलांशी बोलल्यासारखीच लिहिली आहेत. लहानांना मोठ्यांनी वाचून दाखवावीत. मधे दोन प्रश्न मोठ्यांचे आहेत, ते वेगळे सांगितले आहेत.

सगळ्यांचं रक्त लालच दिसतं. मग गट कसले पाडता?

डोळ्यांना फरक दिसत नाही, हे अगदी खरं. ए गटाच्या आणि बी गटाच्या नळ्या शेजारी ठेवल्या तर मलाही नुसत्या बघून ओळखता येणार नाहीत.

फरक आहे तो रक्तातल्या तांबड्या पेशींच्या अंगावर. या पेशी फार म्हणजे फारच लहान असतात. टाचणीच्या डोक्याएवढ्या रक्तात साधारण ५० लाख मावतात. आकार गोल, पण दोन्ही बाजूंनी मधे दाबल्यासारखा खोलगट. फुफ्फुसातला ऑक्सिजन उचलायचा आणि शरीरभर पोचवायचा, हे त्यांचं काम, आणि ते सगळ्या गटांच्या पेशी सारखंच करतात.

आता अशी कल्पना कर की या पेशींच्या अंगावर टिकल्या चिकटवल्या आहेत. काहींच्या पेशींवर ए नावाची टिकली, काहींच्या बी, काहींच्या दोन्ही, तर काहींच्या कुठलीच नाही. पहिला झाला ए गट, दुसरा बी, तिसरा एबी आणि बिनटिकलीचा ओ.

त्या टिकल्या कशाच्या बनलेल्या असतात?

साखरेच्या! आपण दुधात घालतो ती साखर नव्हे, पण त्याच घराण्यातली. पेशीच्या अंगावर छोट्या छोट्या साखरकणांच्या माळा लोंबत असतात. जवळजवळ सगळ्या माणसांत या माळेचा पाया सारखा असतो, त्याला एच म्हणतात. ए गटाच्या माणसात माळेच्या टोकाला एक विशिष्ट साखरकण जोडला जातो. बी गटाच्या माणसात त्याच जागी दुसरा. ओ गटात टोकाला काहीच जोडलं जात नाही, माळ एचवरच थांबते. एवढ्याशा एका कणाचा फरक, पण पेशंटला रक्त चढवताना सगळं त्यावर अवलंबून असतं. एच हे अक्षर लक्षात ठेव, पुढे एका प्रश्नात ते पुन्हा येणार आहे.

‘ओ’ हे अक्षर आहे की शून्य?

दोन्ही म्हणता येईल. सुरुवातीला या गटाला ‘सी’ म्हणत. पुढे ‘ओ’ नाव पडलं. जर्मन भाषेत ‘ओने’ म्हणजे ‘शिवाय’, त्यावरून ते आलं असं सांगतात: टिकलीशिवायचं रक्त. जर्मनीत आजही या गटाला शून्य म्हणतात आणि तसंच लिहितात.

माझं रक्त निगेटिव्ह आहे. म्हणजे वाईट आहे का?

हा प्रश्न मला एका आठेक वर्षांच्या मुलीने विचारला होता, आणि तो विचारताना तिचे डोळे भरून आले होते. शाळेत कुणीतरी तिला म्हणालं होतं की निगेटिव्ह म्हणजे खराब. ती बराच विचार करून आली होती. “तापाचा रिपोर्ट निगेटिव्ह आला की सगळे म्हणतात बरं झालं. मग रक्त निगेटिव्ह आलं की वाईट का?” तिने स्वतःच्याच प्रश्नाचं अर्धं उत्तर दिलं होतं.

निगेटिव्ह म्हणजे फक्त ‘नाही’. पॉझिटिव्ह म्हणजे ‘आहे’. ए आणि बी खेरीज तांबड्या पेशींवर आणखी एक महत्त्वाची टिकली असते, तिचं नाव डी. ही साखरेची नसते, प्रथिनाची असते आणि पेशीच्या आवरणात रुतून बसलेली असते. ती असेल तर पॉझिटिव्ह, नसेल तर निगेटिव्ह. यालाच आरएच असंही म्हणतात. डी नसलेली माणसं तितकीच धावतात, तितकीच उंच होतात, तितकाच अभ्यास करतात. त्यांची संख्या कमी असते, एवढंच.

आता थोडं गणित. ए आहे किंवा नाही: २ शक्यता. बी आहे किंवा नाही: २. डी आहे किंवा नाही: २. मग २ × २ × २ = ८. म्हणूनच नेहमी ऐकू येणारे रक्तगट आठ आहेत. वाटल्यास कागदावर मांडून बघ, आठाच्या पुढे नववा सापडणार नाही.

चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर काय होतं?

आपल्या रक्तात तांबड्या पेशींभोवती पिवळसर पाणी असतं, त्याला प्लाझ्मा म्हणतात. या प्लाझ्मात पहारेकरी फिरत असतात. त्यांचं खरं नाव प्रतिपिंडं. इंग्रजी वाय अक्षरासारखा त्यांचा आकार असतो आणि प्रत्येकाला एकच टिकली ओळखता येते. ए गटाच्या माणसाकडे बी टिकली ओळखणारे पहारेकरी असतात. बी गटाच्या माणसाकडे ए ओळखणारे. ओ गटाच्या माणसाकडे दोन्ही. एबी गटाकडे यातले एकही नाहीत, कारण दोन्ही टिकल्या त्यांच्या घरच्याच.

समजा, ए गटाच्या माणसाला चुकून बी गटाचं रक्त दिलं. पहारेकऱ्यांना परकी टिकली दिसते आणि ते त्या पेशींना जाऊन चिकटतात. मग शरीर त्या पेशी फोडायला लागतं. थंडी वाजून ताप भरतो, कंबर दुखते, लघवीचा रंग गडद होतो, रक्तदाब घसरतो, मूत्रपिंडांवर ताण येतो. जीवही जाऊ शकतो. हे मी मुलांपासून लपवत नाही, कारण त्यामुळेच आम्ही एवढं तपासत बसतो हे त्यांना कळतं.

यात एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिलेलं रक्त खराब नव्हतं. ज्याचं होतं त्याच्या अंगात ते वर्षानुवर्षं छान चाललं होतं. आणि पहारेकरीही चुकले नाहीत, त्यांनी त्यांचं काम चोख केलं. गडबड फक्त जोडीत झाली.

पण बी गटाचं रक्त माझ्या अंगात कधी आलंच नाही. मग ते ओळखणारे पहारेकरी आधीच कसे तयार?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न! मोठी माणसं हा सहसा विचारत नाहीत.

बाळ जन्मतं तेव्हा त्याचे स्वतःचे असे पहारेकरी जवळजवळ नसतातच. मग त्याच्या पोटात, आतड्यात जिवाणू राहायला येतात. ते सगळ्यांच्याच पोटात येतात, त्यांची पचनाला मदत होते. या जिवाणूंच्या अंगावरही साखरेच्या माळा असतात, आणि त्यातल्या काही हुबेहूब ए किंवा बी टिकलीसारख्या दिसतात. बाळाचं शरीर त्या बघतं. ‘ही टिकली माझ्याकडे आहे’ असं असेल तर सोडून देतं. ‘ही माझ्याकडे नाही’ असं असेल तर तिच्यासाठी पहारेकरी तयार करून ठेवतं. साधारण तीन ते सहा महिन्यांच्या वयात ही तयारी सुरू झालेली असते. म्हणजे तुझ्या शरीराने बी टिकली कुणाच्या रक्तात पाहिली नाही, जिवाणूंच्या अंगावर पाहिली.

डीचं मात्र तसं नाही. डी टिकली जिवाणूंवर नसते. त्यामुळे निगेटिव्ह माणसाकडे डीचे पहारेकरी आधीपासून नसतात. पॉझिटिव्ह रक्ताशी एकदा गाठ पडली, तर नंतर ते तयार होऊ शकतात.

कोण कोणाला रक्त देऊ शकतं? मला तो तक्ता पाठच होत नाही.

पाठ करू नकोस. एकच नियम पुरतो: देणाऱ्याच्या पेशीवर अशी कुठलीही टिकली नको, जी घेणाऱ्याकडे नाही.

लावून बघू. देणारा ओ निगेटिव्ह. त्याच्या पेशींवर ए नाही, बी नाही, डी नाही. परकी ठरेल अशी टिकलीच नाही, म्हणून या पेशी आठही गटांना चालतात. घेणारा एबी पॉझिटिव्ह. त्याच्याकडे तिन्ही टिकल्या आहेत, म्हणून त्याला आठही गटांच्या पेशी चालतात. देणारा ए पॉझिटिव्ह असेल तर? घेणाऱ्याकडे ए हवी आणि डीही हवी. असे दोनच गट: ए पॉझिटिव्ह आणि एबी पॉझिटिव्ह.

आता तू सांग, बी निगेटिव्ह माणसाला कोणाचं चालेल? त्याच्याकडे फक्त बी आहे. म्हणजे देणाऱ्याकडे फार तर बी असावी, ए आणि डी नसावी. उत्तर: बी निगेटिव्ह आणि ओ निगेटिव्ह.

घरी खेळून बघायचं असेल तर आठ गोल कागद कापा, तीन रंगांचे ठिपके काढा आणि दोघांनी ‘पेशंट’ आणि ‘दाता’ व्हा. मुलं दहा मिनिटांत मोठ्यांना हरवतात, हे मी बघितलं आहे.

ओ निगेटिव्ह सगळ्यांना चालतं, तर सगळ्यांना तेच का देत नाही?

कारण ते मुळात थोड्या लोकांकडे असतं. अपघात झालेला माणूस बेशुद्ध आहे, गट माहीत नाही, तपासायला वेळ नाही, अशा वेळी ते लागतं. ज्याचा गट माहीत आहे त्याच्यासाठी ते वापरून संपवलं, तर त्या अपघातग्रस्ताला काय देणार?

शिवाय ए, बी आणि डी सोडून पेशींवर इतरही खूप टिकल्या असतात. शास्त्रज्ञांनी रक्तगटांच्या ४०हून जास्त प्रणाली शोधल्या आहेत, एबीओ आणि आरएच या त्यातल्या फक्त दोन. बाकीच्यांचा बहुतेक वेळा त्रास होत नाही, पण ज्यांना वारंवार रक्त घ्यावं लागतं त्यांच्यासाठी त्याही बघाव्या लागतात. म्हणून वेळ असेल तेव्हा आम्ही त्याच गटाचं रक्त देतो, आणि तेही जुळवून बघितल्यावरच. ‘सर्वांना चालणारं रक्त’ हे शब्द ऐकायला छान आहेत, पण रक्तपेढीतलं कुणीही ते इतक्या सहज बोलणार नाही.

प्लाझ्मा द्यायचा असेल तरी हाच नियम का?

नाही, बरोबर उलटा. पेशी देताना टिकल्या बघायच्या, प्लाझ्मा देताना पहारेकरी. एबी गटाच्या प्लाझ्मात ए-बीचे पहारेकरी नसतात, म्हणून तो सगळ्या गटांना चालतो. ओ गटाच्या प्लाझ्मात दोन्ही असतात, म्हणून तो फक्त ओ गटालाच. एका दात्याचं रक्त आम्ही वेगळं करून तांबड्या पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट अशा वेगवेगळ्या पिशव्या बनवतो. पेशी थंड कपाटात साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट जेमतेम ५ दिवस, आणि गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर.

गट तपासता कसा? मला बघायचं आहे.

बघ. पांढऱ्या फरशीच्या तुकड्यावर रक्ताचे तीन थेंब ठेवायचे. पहिल्या थेंबाशेजारी निळ्या बाटलीतला एक थेंब. त्यात ए टिकली ओळखणारे पहारेकरी असतात. दुसऱ्याशेजारी पिवळ्या बाटलीतला, त्यात बी ओळखणारे. तिसऱ्याशेजारी रंग नसलेला, तो डीसाठी. मग काडीने मिसळायचं, प्रत्येकाला वेगळी काडी, आणि फरशी हातात घेऊन हळूहळू डोलवायची.

काही सेकंद काहीच होत नाही. मग एखादा थेंब बदलायला लागतो. एकसारखा पसरलेला लाल रंग तुटतो, बारीक दाणे धरतात, दाण्यांचे कण होतात आणि मधलं पाणी स्वच्छ दिसायला लागतं. दूध फाटतं ना, अगदी तसं. शेजारचा थेंब मात्र तसाच गुळगुळीत. पहिला फाटला, दुसरा गुळगुळीत, तिसरा फाटला: ए पॉझिटिव्ह. मी हे हजारो वेळा केलं असेल, पण दाणे धरायला लागले की अजूनही मान आपोआप खाली झुकते.

जखमेवर रक्त साकळतं ते वेगळं. तिथे रक्ताची गुठळी होते. इथे पहारेकऱ्यांनी पेशींचे हात एकमेकींना बांधून टाकलेले असतात.

एवढ्यावर आम्ही थांबत नाही. पेशंटचा प्लाझ्मा घेऊन त्यात कुठले पहारेकरी आहेत हेही बघतो. पेशी म्हणतात ए, तर प्लाझ्मात बीचे पहारेकरी मिळायलाच हवेत. दोन्ही उत्तरं जुळली नाहीत तर तो नमुना बाजूला ठेवून सगळं पहिल्यापासून. मग क्रॉस मॅच: पेशंटचा प्लाझ्मा आणि नेमक्या त्याच पिशवीतल्या पेशी एकत्र करून पाहायच्या. याला साधारण पाऊण तास ते एक तास लागतो. बाहेर थांबलेल्यांना तो फार मोठा वाटतो, मला कल्पना आहे. पण घाई करून चालत नाही. पुढे वॉर्डमध्ये पिशवी लावण्याआधी दोन जण मिळून पेशंटचं नाव, नंबर आणि पिशवीवरची चिठ्ठी ताडून बघतात, आणि पहिली १५ मिनिटं सिस्टर पेशंटवर बारीक नजर ठेवतात.

हे सगळं शोधून कोणी काढलं?

कार्ल लँडस्टायनर नावाच्या शास्त्रज्ञाने, ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नामध्ये. त्याच्या आधी रक्त चढवायचे प्रयत्न झाले नव्हते असं नाही. १६६७ साली फ्रान्समध्ये झाँ-बाप्तिस्त दनी या डॉक्टरने एका मुलाला चक्क कोकराचं रक्त दिलं होतं. तो मुलगा वाचला, पण पुढे असे प्रयोग जिवावर बेतले आणि त्यांच्यावर बंदी आली. १८१८मध्ये इंग्लंडच्या जेम्स ब्लंडेलने माणसाचं रक्त माणसाला दिलं. काही पेशंट वाचायचे, काही दगावायचे, आणि का ते कुणालाच कळत नव्हतं.

लँडस्टायनरने काय केलं, तर स्वतःचं आणि आपल्या पाच सहकाऱ्यांचं रक्त घेतलं, पेशी आणि पाणी वेगळं केलं आणि प्रत्येकाच्या पेशी प्रत्येकाच्या पाण्यात मिसळून बघितल्या. काही जोड्यांत दाणे धरले, काहींत नाही. ते कोष्टक त्याने नीट मांडलं आणि १९०१ साली ए, बी आणि सी असे तीन गट सांगितले. त्या सहा जणांत एबीचा कुणीच नव्हता! तो गट पुढच्या वर्षी त्याच्या सहकाऱ्यांना सापडला. लँडस्टायनरला १९३० साली नोबेल मिळालं. १९४० साली अलेक्झांडर वीनरबरोबर त्याने आरएचही शोधलं. ऱ्हीसस जातीच्या माकडांवरच्या कामातून ते पुढे आलं, म्हणून आरएच. १४ जून हा त्याचा वाढदिवस. त्याच दिवशी जगभर रक्तदाता दिवस पाळतात.

सहा माणसं, थोडं रक्त आणि एक कोष्टक. मुलांना मी हे नेहमी सांगते, कारण यात महागडं यंत्र एकही नव्हतं.

आईचा गट ए, बाबांचा बी आणि माझा ओ. असं कसं?

प्रत्येकाकडे रक्तगटाच्या दोन चिठ्ठ्या असतात. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. चिठ्ठीवर ए, बी किंवा ओ लिहिलेलं असतं. ए आणि ओ अशा दोन चिठ्ठ्या असल्या तर माणूस ए गटाचाच दिसतो, कारण ओ चिठ्ठी म्हणजे ‘काही जोडू नको’, आणि ए चिठ्ठी तिचं काम करतच असते.

तुझ्या आईकडे ए आणि ओ असणार, बाबांकडे बी आणि ओ. दोघांनी आपली एकेक चिठ्ठी तुला दिली आणि नेमक्या दोन्ही ओ निघाल्या. याच आईबाबांना आणखी मुलं झाली तर ती ए, बी, एबी किंवा ओ, कुठल्याही गटाची होऊ शकतात. चिठ्ठी दिसली नाही तरी ती असते, आणि पुढच्या पिढीत बाहेर पडते.

(मोठ्यांसाठी) शाळेत मुलांना घरातल्या सगळ्यांचे रक्तगट लिहून आणायला सांगतात. हे योग्य आहे का?

माझं मत स्पष्ट आहे: सांगू नये. दत्तक आलेली मुलं असतात, सावत्र आईवडील असतात, आणि काही घरांत रक्तगटाची जुनी नोंदच चुकलेली असते. वर्गात बोर्डावर कोष्टक मांडलं आणि एखाद्याचं जुळलं नाही, तर त्या मुलाच्या मनात काय होईल याचा विचार करा. शिवाय अगदी क्वचित, पण खरोखर न जुळणारी जोडी निसर्गातही सापडते. त्याचं उदाहरण पुढे आहे. शिकवायचंच असेल तर काल्पनिक कुटुंबं घ्या, गणित तेच राहतं.

आईचं रक्त निगेटिव्ह आणि पोटातल्या बाळाचं पॉझिटिव्ह असेल तर भांडण होत नाही का?

होऊ शकतं. आई आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही, मधे वार (आईकडून बाळाला पोषण पोचवणारा अवयव) असते. पण बाळ जन्मताना बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात जाऊ शकतं. तिचं शरीर डी टिकली पहिल्यांदा बघतं आणि पहारेकरी तयार करतं. पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, कारण तोवर तर ते जन्मलेलं असतं. पण पुढचं बाळही पॉझिटिव्ह असलं तर ते पहारेकरी वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या पेशी फोडतात. पूर्वी यात अनेक बाळं दगावत.

१९६८पासून यावर इंजेक्शन मिळायला लागलं, त्याला अँटी-डी म्हणतात. ते आईला साधारण २८व्या आठवड्यात आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांच्या आत देतात. आईच्या शरीराला डी टिकलीची ओळख पटण्याआधीच ते त्या पेशींचा निकाल लावतं.

गंमत अशी की हे इंजेक्शन माणसांच्याच प्लाझ्मापासून बनतं. ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसन नावाचे गृहस्थ होते. १४व्या वर्षी त्यांच्या छातीचं मोठं ऑपरेशन झालं, तेव्हा अनोळखी लोकांच्या रक्तावर ते वाचले. १८ वर्षांचे झाल्यावर, १९५४ साली, त्यांनी स्वतः द्यायला सुरुवात केली. त्यांच्या प्लाझ्मात डीचे पहारेकरी भरपूर होते. २०१८ साली, ८१व्या वर्षी थांबेपर्यंत त्यांनी ११७३ वेळा दान केलं. त्यातून सुमारे २४ लाख बाळांना मदत झाली असा अंदाज आहे. २०२५ साली ते वारले. त्यांना सुईची भीती वाटायची आणि सुई टोचताना ते दुसरीकडे बघायचे. तुलाही भीती वाटत असेल तर खुशाल दुसरीकडे बघ.

‘बॉम्बे’ नावाचा रक्तगट खरंच आहे?

आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईत शोधला, म्हणून हे नाव. ते एच अक्षर आठवतंय? माळेचा पाया. या लोकांच्या पेशींवर तो पायाच नसतो. पाया नाही म्हणजे ए किंवा बी जोडणार कशाला? त्यामुळे फरशीवरच्या तपासणीत त्यांचं रक्त थेट ओ दिसतं. पण त्यांच्याकडे एच ओळखणारे पहारेकरी असतात, आणि ओ गटाच्या पेशींवर तर सगळ्यात जास्त एच! म्हणजे ओ दिलं तरी धोका. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. प्लाझ्मा तपासल्याशिवाय हा गट सापडत नाही, म्हणून तर आम्ही दोन्ही बाजूंनी तपासतो.

या माणसाकडे ए चिठ्ठी असूनही ती दिसत नाही. मग ‘ओ’ दिसणाऱ्या दोन आईबाबांचं मूल ए निघू शकतं. न जुळणारी जोडी म्हटलं होतं, ती ही.

मला दुसऱ्याचं रक्त चढवलं तर माझा गट बदलेल का?

नाही. आलेल्या पेशी पाहुण्या असतात. तांबडी पेशी फार तर १२० दिवस जगते, आणि नव्या पेशी तुझ्या स्वतःच्या हाडांत तयार होतात, तुझ्याच टिकल्या लावून. पण हाडांच्या मगजाचं रोपण केलं तर गट खरोखर बदलतो, कारण तेव्हा कारखानाच दुसऱ्याचा बसवलेला असतो.

जन्माच्या वेळी लिहिलेला गट आणि मोठेपणी आलेला गट वेगळा निघाला, तर बहुधा पहिली नोंद चुकलेली असते. बाळांच्या टिकल्या फिक्या असतात आणि पहारेकरी नसतात, त्यामुळे दुसऱ्या बाजूने पडताळता येत नाही. थोडं मोठं झाल्यावर एकदा पुन्हा तपासून घ्यावं.

रक्तगटावरून स्वभाव कळतो का? खायचं काय ते ठरतं का?

दोन्ही नाही. जपानमध्ये गटावरून स्वभाव सांगायची मोठी हौस आहे आणि गटानुसार आहाराची पुस्तकंही खपतात, पण तपासून बघितल्यावर यातलं काहीच टिकलेलं नाही. तू चिडका असशील तर ते तुझ्या बी गटामुळे नाही.

(मोठ्यांसाठी) नवरा-बायकोचा रक्तगट एकच असेल तर मुलं होण्यात अडचण येते का?

अजिबात नाही. हा गैरसमज कसा पसरला कोण जाणे, पण त्यापायी जमलेली लग्नं मोडतात, म्हणून जोर देऊन सांगते. लक्ष द्यायचं ते एवढ्यावरच: आई निगेटिव्ह आणि वडील पॉझिटिव्ह. त्यावरही वर सांगितलेलं इंजेक्शन आहे.

मुळात निसर्गाने इतके गट ठेवलेच कशाला?

पूर्ण उत्तर अजून कुणाकडे नाही, पण रोगांचा त्यात हात आहे. ओ गटाच्या माणसांना मलेरिया झाला तर तो जिवावर बेतण्याची शक्यता थोडी कमी असते. कॉलरा मात्र त्यांनाच जास्त छळतो. एका रोगात जी टिकली नडते ती दुसऱ्यात तारते, त्यामुळे कुठलाच एक गट जिंकून बाकीचे संपले नाहीत. पश्चिम आफ्रिकेत बहुतेकांच्या पेशींवर डफी नावाची टिकली नसते, आणि एका प्रकारच्या मलेरियाचे जंतू तिलाच धरून पेशीत शिरतात. टिकली नाही, तर दार बंद.

मी कधी रक्त देऊ शकेन?

बहुतेक देशांत १८ वर्षं पूर्ण झाल्यावर. काही ठिकाणी पालकांच्या संमतीने १६ किंवा १७. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० किंवा ४५० मिलिलिटर घेतात. पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, पेशी भरायला काही आठवडे लागतात. तोपर्यंत घरातलं मोठं कुणी रक्त द्यायला निघालं की त्याच्याबरोबर जा आणि शेजारी बस. लहान मूल सोबत असलं की मोठी माणसं सुईला कमी घाबरतात.

कुत्र्या-मांजरांनाही रक्तगट असतात का?

असतात, पण त्यांचे वेगळे. कुत्र्यांमध्ये डझनभराहून जास्त आहेत. मांजरांमध्ये ए, बी आणि एबी असे मुख्य गट आहेत, नावं आपल्यासारखी असली तरी टिकल्या निराळ्या. बी गटाच्या मांजरीकडे एचे पहारेकरी फार जोरकस असतात आणि ते तिच्या पहिल्या दुधातूनही उतरतात. पिल्लू ए गटाचं निघालं तर ते दूध त्याला बाधतं. म्हणून मांजरांची पैदास करणारी जाणकार माणसं अशी पिल्लं जन्मल्याबरोबर आईपासून दूर ठेवतात, पहिला दिवस दुसरं दूध पाजतात, आणि मग परत तिच्या कुशीत नेऊन सोडतात.